फर्मेवाला परुळेकर

आज सकाळी परुळेकरने सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. गावच्या अंगणात त्याने एक लाकडी घोडा केलाय. त्यात फणस अडकवायचा आणि कोयता एका खाचेतून सरळ खाली आणायचा, की फणसाचे दोन सारखे भाग. खाली लिहिलं होतं, 'हात चिकट होत नाय.' झालं, ग्रुपवर अंगठ्यांची रांग लागली. आमची इमारत पाडून झाली, माणसं ठाण्यापासून कर्जतपर्यंत पांगली, एरवी ग्रुपवर कुणी कुणाला विचारत नाही, पण परुळेकरने काही टाकलं की सगळे खडबडून जागे होतात. मी गणपतीत हाताने कोरलेल्या मखराचा फोटो टाकला होता. त्याला आलेल्या मोजक्या अंगठ्यांतला एक माझ्या बायकोचा होता.

आज मी अंगठा दिला नाही. वसूने, म्हणजे त्याच बायकोने, लगेच दिला. वर मला म्हणाली, "भावजींचं डोकं काय चालतं ना." मी चहा घेऊन गॅलरीत गेलो.

आमचं भांडण वगैरे काही नाही. मी त्याच्यावर जळतो, एवढंच. लोक अशा वेळी 'हेवा वाटतो' असं काहीतरी गुळगुळीत म्हणतात. मला हेवा वाटत नाही, मी जळतो. त्याच्या तोंडावरही एकदा सांगितलं होतं. तो म्हणाला, "जळ की, मेल्या. पण भुशापासून लांब उभा राहून जळ."

मुलुंड पूर्वेला एकाच इमारतीत आमची उमेद गेली. मी तिसऱ्या मजल्यावर, तो दुसऱ्या. मी पार्ल्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात बायॉलॉजी शिकवायचो, म्हणून तो मला 'मास्तर' म्हणायचा. तो विमा कंपनीत होता, क्लेमचे कागद बघायचा. म्हणजे त्याच्या नोकरीत लाकूड फक्त टेबलाला. माझं तसं नव्हतं. माझा हात पहिल्यापासून चांगला. फळ्यावर बेडकाचं हृदय मी एका दमात काढायचो, खडू न उचलता, आणि मागच्या बाकावरची पोरंही तेवढ्यापुरती गप्प व्हायची. निवृत्तीनंतर मी रंधा आणि पटाशी घेतली ती या हाताच्या भरवशावर. सोसायटीने पंपाशेजारची एक बंद खोली वापरायला दिली. अट एकच, दुपारी दोन ते चार आवाज करायचा नाही.

आता थोडं यंत्राबद्दल सांगायला हवं, नाहीतर परुळेकर कळायचा नाही. राउटर म्हणून एक यंत्र असतं, दोन्ही हातांनी धरायचं. खाली पातं गरगर फिरतं, त्याला बिट म्हणतात. ती लाकडाच्या कडा गोल करते, खाचा पाडते, आकार कापते. ताकद भरपूर, अक्कल शून्य. हात जरा हलला की तेही हलतं. म्हणून त्याला वाट दाखवायला प्लायचा किंवा लाकडाचा एक साचा करतात. इंटरनेटच्या व्हिडिओत त्याला जिग म्हणतात, आपल्याकडे सुतार फर्मा म्हणतात. मला फर्म्यांची गरज कधी वाटली नव्हती. हात असलेल्या माणसाला कशाला लागतो फर्मा?

मी राउटर आणला तेव्हा वसूला चहाचं गोल टेबल हवं होतं. मी पेन्सिलीने गोल काढला, अगदी झकास, आणि त्या रेषेवरून राउटर फिरवायला घेतला. अर्धा गोल नीट गेला. मग एक गाठ आली, बिट उडाली, आणि कडेला उंदराने कुरतडल्यासारखा घास पडला. नेमका तेव्हाच परुळेकर खाली आला. आवाजाची तक्रार करायला आला होता, कारण दोन वाजून गेले होते. लेंगा, गंजी, डोळ्यांवर झोप. त्याने तो घास बघितला, राउटर उलटा करून बघितला, आणि तसाच वर गेला.

चार वाजता तो मोडक्या ड्रॉवरची एक प्लायची पट्टी घेऊन आला. पट्टीचं एक टोक राउटरच्या बुडाला स्क्रूने बसवलं. दुसऱ्या टोकाला खिळा. तो खिळा त्याने टेबलाच्या फळीला मागच्या बाजूने, मधोमध ठोकला, म्हणजे वरून भोक दिसू नये. "आता फिरव," म्हणाला. मी म्हटलं, तूच फिरव. त्याने आयुष्यात पहिल्यांदा राउटर हातात धरला आणि फळीभोवती एक फेरी मारली. घास पडलेला भाग कापून गेला, टेबल थोडं लहान झालं, पण गोल असा की बोट फिरवलं तर कुठे अडणार नाही. राउटर माझा, फळी माझी, टेबल माझ्या घरातलं. आणि संध्याकाळी वसू शेजारणीला सांगते, "परुळेकरभावजींनी काय गोल काढून दिलाय बघा." माझा तिळपापड झाला होता, पण बटाटेवडे केले होते, म्हणून जेवलो.

त्यानंतर तो खाली येऊ लागला तो कायमचाच. पुढच्या महिन्यात त्याने स्वतःचा राउटर घेतला आणि खोलीची एक भिंत हळूहळू त्याची झाली. त्या भिंतीवर खिळ्यांना फर्मेच फर्मे. ड्रॉवरच्या मुठीची भोकं पाडायचा फर्मा, फळीचा कोपरा गोल करायचा फर्मा, वाकड्या फळीला सपाट करायची गाडी. प्रत्येकावर काळ्या मार्करने नाव, आणि जिथे धोका तिथे 'इथे बोट नको.' वस्तू करायच्या आधी तो तिचा फर्मा करायचा. त्याला एक दिवस लागायचा, कधी दोन. मी तोवर काम अर्धं उरकून त्याच्याकडे बघत बसायचो. मग तो फर्म्याला लाकूड लावायचा आणि चार खण एकाच बैठकीत काढायचा, सगळे एका वळणाचे. माझा तोवर दुसरा खण पहिल्याशी भांडत असायचा.

दिसायला तो बुटका, आडवा, पँट पोटाच्या वर ओढलेली. संरक्षक चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला असायचा आणि तो तसाच भाजीला जायचा. भाजीवाली त्याला इंजिनीअर समजायची. तोही तिला काही सांगायचा नाही. त्याचं एकच वाक्य होतं, ते तो दिवसातून किती वेळा म्हणायचा देव जाणे. "मोजायचं नाय, टेकवायचं." म्हणजे टेप लावून खुणा करत बसू नये. एक ठोकळा पक्का करावा, लाकूड त्याला टेकवावं आणि कापावं. सगळे तुकडे आपोआप सारखे येतात. मी म्हणायचो, "अरे, पण ठोकळा कुठे बसवायचा ते तरी मोजावं लागेल ना?" तो म्हणायचा, "ते पण टेकवायचं." हे त्याने मला करूनही दाखवलं, आणि ते बरोबर आलं, म्हणून मी तो विषय सोडला.

घरातही तेच. पोळ्या एका आकाराच्या व्हाव्यात म्हणून पोळपाटाला कडं. केळीची पानं कापायला खाच पाडलेली फळी. एका दिवाळीत त्याने सोसायटीला एक लांब काठी करून दिली. तिचं एक टोक गॅलरीच्या कठड्याला टेकवायचं, दुसऱ्या टोकाला कंदिलाचं बूड. त्या वर्षी सगळ्या गॅलऱ्यांतले कंदील एका रेषेत होते. रस्त्यावरून जाणारे लोक थांबून फोटो काढत होते. त्या वर्षीचा आमचा कंदील मी स्वतः केला होता, करंज्यांच्या पाकळ्यांचा, पंधरवडा खपून. फोटोत तो बाकीच्यांसारखाच एक ठिपका दिसतो.

एक गोष्ट मात्र मी फार उशिरा लक्षात घेतली. परुळेकरचा हात चळायचा, म्हणजे थरथरायचा. आजार नव्हता, तरुणपणापासून तसाच होता. चहाचा कप बशीत किणकिणायचा. सरळ रेषेवर सही करता यायची नाही, म्हणून बँक त्याचे चेक परत पाठवायची, सही जुळत नाही म्हणून. यावर त्याने काय करावं? एका प्लास्टिकच्या कार्डाला अरुंद खाच पाडली, दोन्ही टोकांना अडथळा ठेवला, आणि ते कार्ड चेकवर ठेवून त्या खाचेत सही करू लागला. सही खाचेबाहेर जाणार कुठे? एकदा बँकेत मी बरोबर होतो. काउंटरवरच्या मुलीने ते कार्ड हातात घेऊन बघितलं आणि म्हणाली, "काका, माझ्या आजोबांना एक करून द्याल का?" माझी सही त्या बँकेत इतकी वर्षं हुबेहूब जुळतेय, पण मला असं कधी कुणी काही म्हटलं नाही.

त्याची चूक झाली नाही असं नाही. झाली, आणि ती बघायला मी पहिल्या रांगेत होतो. सोसायटीला नव्या टपालपेट्या हव्या होत्या, लाकडी, जिन्याखाली लावायला. परुळेकरने फर्मा केला, ठोकळा बसवला आणि सगळी दारं कापली. लावायला गेलो तर प्रत्येक दार खालून नखभर आखूड. मी खाली वाकून फर्मा बघितला. ठोकळ्याच्या कोपऱ्यात भुसा अडकून घट्ट बसला होता. लाकूड ठोकळ्याला टेकलंच नव्हतं, भुशाला टेकलं होतं. हाताने काम करणाऱ्याचं एक दार चुकतं. याची सगळीच्या सगळी चुकली होती, आणि सगळी सारखीच. खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी त्याला माझ्या पैशाने उसाचा रस पाजला.

सोसायटीच्या मीटिंगला मी पुढे जाऊन बसलो. परुळेकर उभा राहिला आणि सरळ म्हणाला, "चुकलंय. भुसा अडकला. मी परत करून देतो." सेक्रेटरी शहाबेन म्हणाल्या, "अरे परत कशाला, परुळेकरभाई? खालच्या फटीतून दिसते ना, टपाल आला की नाय. दार उघडायलाच नको." सगळ्यांनी मान डोलावली. कुणीतरी म्हणालं, किती विचार करून केलंय. तो परत सांगतोय, अहो चुकलंय, तर लोकांना वाटलं हा विनय. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मला उसाचा रस आठवत होता.

पण त्याने मनाला लावून घेतलं होतं. तेव्हापासून लाकूड टेकवायच्या आधी तो प्रत्येक वेळी फर्म्याच्या कोपऱ्यात फुंकर मारायचा. इतकी सवय झाली की खुर्चीवर बसायच्या आधीही फुंकर मारायचा, देवळात पायरीवर टेकायच्या आधीही. परुळेकरवहिनी कपाळावर हात मारून घ्यायच्या.

मग आला पाळणा. मुग्धा, आमची एकुलती एक मुलगी, बोरिवलीला दिलेली. तिला दिवस राहिले तेव्हा ती म्हणाली, "बाबा, पाळणा विकत आणायचा नाही. तू कर." मला दुसरं काय हवं होतं? माझ्या आईचा सागवानी पलंग आम्ही माळ्यावर ठेवला होता, सुटा करून. त्याच्या उशाची एक आणि पायथ्याची एक, अशा दोन रुंद फळ्या होत्या. तशा फळ्या आता मिळत नाहीत. पाळण्याच्या दोन्ही टोकांना एकेक उभी फळी लागते, तिचा माथा कमानीसारखा कापायचा आणि तिच्यात मधला दांडा बसवायचा. दोन फळ्या, दोन टोकं. नातवंड माझ्या आईच्या लाकडात आणि माझ्या हातच्या कमानीखाली झोपणार होतं. ते काम मला माझ्या हातून व्हायला हवं होतं, त्यात दुसरा कुणीच नको होता. परुळेकर तर नकोच नको. मी त्याला तसं सांगितलंही. तो म्हणाला, "बरं. मी माझी भिंत बघतो."

पहिली कमान मी कुठलंही माप न घेता कागदावर एका दमात काढली, फळ्यावर काढायचो तशी. मग करवत, मग कानस, मग काचपेपर. दिवसचे दिवस गेले. सुंदर झाली. एका जागी, डाव्या खांद्याशी, गाठीवरून कानस घसरली आणि बोटाएवढा भाग चपटा झाला. तो मी खूप वेळा बघितला, पण आणखी घासलं असतं तर सगळाच माथा खाली घ्यावा लागला असता. तशीच ठेवली. वसूने हात फिरवला आणि चक्क काही बोलली नाही, म्हणजे आवडली.

दुसरी जमेना. उरलेल्या फळीला हात लावायची हिंमत नव्हती, म्हणून आधी प्लायवर करून बघत होतो. एक उंच झाली, एक रुंद झाली, एक दिसायला बरी होती पण पहिलीशेजारी ठेवली की दोन वेगळ्या घरांतल्या वाटायच्या. टोकं सारखी नसली तर पाळणा तिरका लटकणार. मुग्धाचे दिवस भरत आले होते. ती एकदा खाली खोलीत येऊन स्टुलावर बसली, ते प्लायचे तुकडे बघितले आणि म्हणाली, "बाबा, तुझं काम सुंदर असतं, पण एकच असतं. पाळण्याला दोन टोकं लागतात." मी ते तुकडे एकावर एक रचायला घेतले. मग ती म्हणाली, "मी परुळेकरकाकांना विचारलंय." माझ्या अंगाची लाही लाही झाली. पोटुशी मुलगी समोर, म्हणून दात आवळून बसलो.

त्याच आठवड्यात डोहाळजेवणासाठी आम्ही दोघं बोरिवलीला गेलो. पहिली कमान खोलीतच होती, शिकंज्यात अडकवलेली. परत आलो तर परुळेकरने जिन्यातच गाठलं. "फर्मा तयार आहे, मास्तर. ती फळी आण." मी म्हटलं, "फळी मिळणार नाही." तो म्हणाला, "मग पाळणा एका टोकाचा करणार काय?" आणि वर निघून गेला. त्याचं खरं होतं. फळी दिली तर तो पाळणा परुळेकरचा होणार होता, नाही दिली तर होणारच नव्हता.

मी खाली गेलो. फर्मा भिंतीवर टांगलेला होता. चांगल्या जाड प्लायचा, नवाकोरा, अजून मार्करने नावही घातलं नव्हतं. कमान इतकी देखणी की मला बघवेना. बारावीच्या पोरांचे पेपर तपासताना मी जसा चूक शोधायचो, तसा मी त्या कडेवरून अंगठा फिरवायला लागलो. कुठेतरी उंचवटा सापडू दे, कुठेतरी खड्डा. उजवा खांदा साफ. माथा साफ. डाव्या खांद्याशी अंगठा अडला. तिथे बोटाएवढा भाग चपटा होता.

मी शिकंज्यातली माझी कमान काढून त्याच्यावर ठेवली. कडेला कडा. नखही शिरलं नाही.

तेवढ्यात परुळेकर दोन चहा घेऊन आला. कप बशीत किणकिणत होते.

"ही माझी कमान आहे," मी म्हटलं.

"मग कोणाची असणार?"

"चोरलीस तू."

"चोरली नाय. टेकवली." त्याने चहा ठेवला. "बिटच्या टोकाला बेअरिंग असतं ना, ते तुझ्या कडेला लावलं आणि फिरवलं. तुझ्या लाकडाला ओरखडा आला असेल तर दाखव."

ओरखडा नव्हता. ते बेअरिंग कडेवरून नुसतं फिरतं, आणि पातं दुसऱ्या लाकडाला हुबेहूब तोच आकार देतं. कडेला खड्डा असेल तर खड्डाही देतं. मी तो चपटा भाग दाखवला. "मग हे तरी काढायचंस. चूक आहे ती माझी. दोन्ही टोकांना दिसणार आता."

"काढली होती." त्याने कोपऱ्यातल्या भंगारातून दुसरा एक फर्मा ओढून काढला. तीच कमान, पण डावा खांदा घासून गुळगुळीत केलेला. "हा पहिला. बघ. मेलेला दिसतो की नाय?"

मी बघितला. चूक कुठेच नव्हती, आणि तो वॉशबेसिनच्या कडेसारखा दिसत होता.

"असं का होतं मला कळत नाय," तो म्हणाला. "तुला कळतं?"

"नाही."

"मग चहा पी आणि फळी आण."

मी फळी आणली. रागावूनच आणली. त्याने ती फर्म्यावर चिकटवली आणि राउटर दोन्ही हातांत धरला. मला काम एकच दिलं होतं, मध्ये मध्ये फुंकर मारायची. आईच्या पलंगाची शेवटची फळी, त्याच्या चळणाऱ्या हातात. मी श्वास रोखून त्याच्या हाताकडे बघत होतो. बेअरिंग फर्म्याच्या कडेला टेकलं, आणि त्याचा हात थांबला. चळायचा थांबला. डाव्या खांद्यापासून उजव्या खांद्यापर्यंत तो हात शांतपणे माझ्या वळणाने गेला, चपट्या जागी चपटा झाला, आणि पुढे सरकला. इतकी वर्षं मी त्याच्याबरोबर काम केलं होतं, पण तेव्हा माझं लक्ष नेहमी त्याच्या वस्तूंकडे असायचं.

"फुंक ना," तो म्हणाला. मी फुंकर मारायची विसरलो होतो.

मुग्धाला मुलगी झाली. बारशाला पाळणा फुलांनी सजवला होता, पण कमानी उघड्या ठेवल्या होत्या, दोन्ही. विहीणबाईंनी विचारलं, "कुणी केला हो?" परुळेकर तयारच होता. संरक्षक चष्मा गळ्यात घालूनच बारशाला आला होता. "फर्मा माझा, कमान मास्तरची," असं म्हणून तो बेअरिंग कसं फिरतं ते हातवारे करून सांगू लागला. सगळा घोळका त्याच्याभोवती. वाक्याचा उत्तरार्ध कुणाच्या कानावर गेला नाही. एक बाई तर त्याला कपाटाच्या ऑर्डरबद्दल विचारत होती. मी पाळण्याजवळ गेलो, म्हटलं माझं टोक तरी बघावं. डावीकडचं असेल म्हणून हात फिरवला, मग उजवीकडचं. दोन्हीकडे तोच चपटा भाग, दोन्हीकडे आईचा सागवान. माझं कुठलं ते मला ओळखता येईना. अजूनही खात्रीने सांगता येणार नाही. जळलो तर आहेच, पण तेव्हा नक्की कुणावर ते ठरवता येत नव्हतं.

मग इमारत पाडायची ठरली. नात चालायला लागली होती तेव्हा. बिल्डरच्या नव्या आराखड्यात दोन मजली पार्किंग होतं, जिम होती, आमची खोली नव्हती. आम्ही ठाण्याला भाड्याने घर घेतलं. परुळेकर म्हणाला, आता परुळ्यालाच जातो, गावचं घर उघडं पाहिजे. जायच्या आधी त्याने ती भिंत वाटून टाकली. कंदिलाची काठी शहाबेनना. पोळपाटाचं कडं आमच्या वसूला. कोपऱ्याचे फर्मे, मुठीचे फर्मे, सपाट करायची गाडी, जो जिन्यात भेटेल त्याला काहीतरी. बँकेतली ती मुलगीसुद्धा येऊन आजोबांचं कार्ड घेऊन गेली. मी वाट बघत होतो. मला काही दिलं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी सामान टेम्पोत चढत होतं. वहिनी आदल्या दिवशीच गाडीने पुढे गेल्या होत्या. मी खाली उतरलो. भिंतीवर नुसते खिळे उरले होते. परुळेकर ड्रायव्हरशेजारी चढायच्या बेतात होता आणि त्याच्या काखेत एकच फर्मा होता.

"सगळ्यांना दिलंस," मी म्हटलं. "मला?"

"तुला काय करायचेत? तुला हात आहे."

"ती कमान दे."

"ती नाय."

"परुळ्या, माझी आहे ती."

"तुझी आहे म्हणून तर." तो वर चढला, सीटवर फुंकर मारली आणि बसला. "बाकीचे सगळे मी गावाला नव्याने करीन, मास्तर. ही माझ्याच्याने परत व्हायची नाय."

मला ती हवी होती. तेव्हाही हवी होती, आजही हवी आहे. तशी कमान मी त्यानंतर पुष्कळदा काढून बघितली, कागदावर, प्लायवर. बऱ्या येतात. ती येत नाही. ती आता कोकणात कुठल्यातरी भिंतीवर आहे, आणि मला खात्री आहे की त्याने तिच्यावर 'इथे बोट नको' असं लिहिलं असणार.

टेम्पो सुरू झाला. जुना टेम्पो, नुसता उभा असतानाच सगळा थडथडत होता, काचा, आरसा, ड्रायव्हरची मान. परुळेकरने फर्मा मांडीवर उभा धरला होता, कारण आडवा मावत नव्हता. फाटकातून बाहेर पडून गाडी वळली तेव्हा तो मला खिडकीतून पुन्हा दिसला. त्याचा अंगठा डाव्या खांद्याशी, त्या चपट्या जागेवर टेकलेला होता. आणि हात हलत नव्हता.